तेवीस पूर्णांक चार

डबीवर लिहिलं होतं: तेवीस पूर्णांक चार अंश,
खाली वैदोतासची मुंगीएवढी सही.
पृथ्वीही साधारण एवढीच कललेली आहे,
म्हणून डिसेंबरात व्हिल्नियसमध्ये
पावणेचारलाच दिवे लागतात.
तो योगायोग.
आम्हाला हवा होता हिरवा,
आणि रात्रीचे दहा वाजले तरी तो उगवत नव्हता.

सांगायला सोपं आहे.
तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश,
त्याचा एकेक ठोका केसाच्या जाडीहून आखूड,
स्फटिकात शिरतो.
आत अशी दाटी होते
की दोघं दोघं मिळून एक होतात
आणि बाहेर पडतात ते हिरवे होऊन.
फक्त पावलं जुळायला हवीत.
कोन अर्धा अंश चुकला
की दारापाशी जन्मलेला हिरवा
पुढे जन्मणाऱ्या हिरव्याला गिळून टाकतो.
हिशेब शून्य.

मी फोन केला.
कापणारा माणूस कधी प्रयोगशाळेत येत नाही,
हा आला, ट्रॉलीबस बदलून,
आणि दारातच उभा राहिला
टोपीवरचा बर्फ वितळून सुकेपर्यंत.
"ह्याला ओल सोसत नाही," म्हणाला,
"आणि मला जिना."

मग डबी हातात घेऊन, माझ्याकडे न बघता:
"हा मी त्या आठवड्यात कापला,
कॉर्कहून फोन आला त्या."

जुळा भाऊ. तौतगिनास.
मासळीच्या कारखान्यात बावीस वर्षं.

वैदोतासच्या टेबलावर कॅल्साइटचा एक खडा असतो,
वर्तमानपत्र उडू नये म्हणून.
त्याच्याखाली प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं.
खडा फिरवला
की एक अक्षर जागच्या जागी राहतं,
दुसरं त्याच्याभोवती चक्कर मारतं.
जागेवरच्याला आम्ही साधारण म्हणतो,
फिरणाऱ्याला असाधारण.
मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं, तुमच्यात कोण कोणतं?
तो म्हणाला होता, आईला विचार.
आई तेव्हाही नव्हती.

"दोन मिलिमीटर ठेवलास?"
"दोन."
"जाड आहे. हिरवा जास्त मिळेल,
पण बरोबर चालणारे मागेपुढे होतील."
हे मला पाठ होतं. प्रबंधात माझ्याच अक्षरात आलेखासकट आहे.
तरी मी मान हलवली.

त्याने स्क्रूवर दोन बोटं ठेवली,
झोपलेल्या माणसाची नाडी बघावी तशी.
जरा. अजून जरा.
एवढंसं, की फिरला असं कुणी म्हणणार नाही.
पडद्यावरची रेष अंग झाडून उठली:
पाचशे पंधरा.

"आला?"
"आला."
"मला काही दिसत नाही."
चष्म्यातून कसा दिसणार,
तो हिरवा अडवायलाच बनवलेला असतो.
चौतीस वर्षं हा माणूस हिरव्यासाठी कापतो आहे
आणि हिरवा त्याने कधी पाहिला नव्हता.
हे मला त्या क्षणी कळलं, आणि लाज वाटली.

मी ठोक्यांची गती उतरवली, मग जोर.
"निम्मा केला की पाव उरतो," मी म्हटलं,
"इथे सरळ भागाकार चालत नाही."
"पाव पुरे."
आणखी उतरवला. पावाचाही पाव.
मागे उरलेला अदृश्य प्रकाश काचेने बाजूला काढला,
तीनदा तपासलं, मग म्हटलं, काढा चष्मा,
कागदाकडे बघा, किरणाकडे नाही.

त्याने खिशातून एक पाकीट काढलं
आणि त्याची कोरी बाजू समोर धरली.
कागदावर तिळाएवढा हिरवा.
हात थरथरत होता, म्हणून तोही.
दुसऱ्या बाजूला कुठलासा शिक्का होता,
मी वाचला नाही.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
नंतर पेन्सिल मागितली,
डबीवरचा चार खोडून नऊ केला,
सही तशीच ठेवली,
आणि विचारलं,
परतीची बस किती वाजता?
ती गेली होती.